श्रीलंका जुलै-ऑगस्टमध्ये: पाऊस नक्की कुठे असतो?

द्राक्षवेल (तासगाव)
मंडळी, सल्ला हवा आहे. बाग असणाऱ्यांच्या सुट्टीचं गणित वेगळं असतं हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. एप्रिलात खरड छाटणी, मग सबकेन, शेंडा खुडणी, काडी पक्की होईपर्यंत जून सरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी धरली की माल उतरेपर्यंत घर सोडता येत नाही. हाताशी राहतो तो जुलैचा शेवट आणि ऑगस्टची सुरुवात. सत्तरीच्या आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं (आठवी आणि तिसरी) असे जाणार. आठ दिवस निघतील. मनात श्रीलंका आहे.
टूरवाले म्हणतात, "जुलै म्हणजे तिकडे पावसाळा, डिसेंबरात या." डिसेंबरात बागेत मणी फुगवणीला आलेले असतात, तेव्हा आमचं घर हलत नाही. तर जुलै-ऑगस्ट खरंच वाईट आहे का? आणि वाईट असेल तर याच दिवसांत दुसरा कुठला देश बरा?

मेणवली_घाट
टूरवाले अर्धं सांगतायत. पावसाळा आहे, पण अर्ध्या बेटावर. श्रीलंकेला दोन मान्सून मिळतात: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून. बेटाच्या मधोमध, जरा दक्षिणेला, डोंगर आहे. सर्वांत उंच पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. वारा ज्या अंगाने डोंगराला धडकतो ते अंग भिजतं, पलीकडचं कोरडं राहतं. सातारा जिल्ह्यात याहून वेगळं काय होतं? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसरा हिस्सा, आणि म्हसवडला पाचशेच्या आसपास. आपल्याकडे वर्षभरातला मोठा पाऊस एकाच बाजूने येतो. तिकडे काही महिन्यांनी वाऱ्याची बाजूच बदलते आणि म्हसवडचं महाबळेश्वर होतं.
तुमच्या तारखांना भिजलेलं अंग म्हणजे गॉल, मिरिसा, उनावटुना हा दक्षिण-पश्चिम किनारा, सिंहराजा जंगल आणि नुवारा एलियाचा पश्चिम उतार. कोरडं अंग म्हणजे त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे, पोलोन्नारुवा, सिगिरिया, दांबुला, अनुराधापुरा आणि वर जाफना. या कोरड्या भागाला पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत मिळतो. म्हणजे टूरवाले ज्या डिसेंबरात "या" म्हणतात, त्याच डिसेंबरात त्रिंकोमालीला छत्री लागते.
म्हणून "श्रीलंकेचा सीझन कधी" असं विचारू नका. "माझ्या तारखांना वारा कुठून, आणि डोंगराच्या कुठल्या बाजूला राहायचं" असं विचारा. उष्ण पट्ट्यातल्या बहुतेक डोंगराळ देशांना हाच प्रश्न लागू पडतो.

कोयनाकाठ
जुलैत पाऊसच बघायचा तर नवजाला या, विमानाचं तिकीट वाचेल.

माणदेशी
आमच्याकडं घेऊन या तो पाऊस. कुठला का असंना.

चहाबाज
मास्तरांनी (@मेणवली_घाट) सांगितलं त्याचा ताळा चहावरून घेता येतो. चहाला सर्वांत चांगली चव कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत येते. पान सावकाश वाढतं आणि अर्क दाट होतो. डोंगराच्या पश्चिम उतारावरच्या डिंबुला भागाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमधला. पूर्व उतारावरच्या ऊवा भागाचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरमधला. दोन्ही मळे एकाच डोंगररांगेवर, पण हंगाम उलटे. एला आणि बदुल्ला हा ऊवा भाग आहे. तेव्हा द्राक्षवेल भाऊ, डोंगर बघायचाच असेल तर तुमच्या तारखांना एला घ्या, नुवारा एलियाला मुक्काम करू नका. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे, जुलैत दिवसाही तापमान अठरा-एकोणीसच्या वर जात नाही आणि भुरभुर दिवसचे दिवस चालते. आईंना स्वेटर आणि कानटोपी लागेल.
कँडीहून एलाकडे जाणाऱ्या रेल्वेवर हा बदल डोळ्यांनी दिसतो. पट्टिपोला हे तिथलं सर्वांत उंच स्टेशन, १,८९१ मीटर. तिथून गाडी सुटली की थोड्याच वेळात शिखरावरचा बोगदा लागतो. जुलैत बोगद्याच्या अलीकडे खिडकीची काच धुक्याने पांढरी असते, झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि खाली ठिबकणारं पाणी. पलीकडे ओहियाच्या बाजूला बाहेर पडलं की बऱ्याचदा लख्ख ऊन आणि खाली लांबवर पिवळं पडलेलं गवत. घाटमाथा कुठे संपला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मापाडी
इथे एक दुरुस्ती हवी. नैर्ऋत्य मान्सून म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर पाचही महिने सारखाच पाऊस, असं नसतं. कोलंबोची जुनी सरासरी बघा: मे महिन्यात साधारण ३९० मिलिमीटर, जुलैत १२५, ऑगस्टमध्ये १२०, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत ३५० ते ४००. म्हणजे कोलंबोत मान्सून लागताना पाऊस जास्त पडतो, मग ओसरतो, आणि सर्वांत वाईट दोन महिने येतात ते दोन मान्सूनच्या मधे. जुलैअखेरीस कोलंबोत एखादी रात्र काढायला काहीच हरकत नाही.

मेणवली_घाट
@मापाडी, आकडे बरोबर आहेत, पण पाऊस कमी म्हणजे किनारा चांगला असं होत नाही. जुलैत दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर लाटा सरळ जमिनीवर येतात, पाणी गढूळ असतं आणि आत ओढणारे प्रवाह तयार होतात. मिरिसाच्या देवमासा बघायच्या बोटी नोव्हेंबर ते एप्रिलच्याच. आठ-दहा वर्षांच्या पोराला त्या पाण्यात उतरवू नये. पूर्व किनाऱ्यावर तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून काठाजवळचं पाणी शांत राहतं. पासिकुडाला तर लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी आहे, मुलांसाठी तीच जागा. अरुगम बे मात्र नको, तिथे दक्षिणेकडून लाट येते आणि जगभरातले लाटांवर फळी चालवणारे त्याच दिवसांत तिथे जमतात.

मापाडी
समुद्राचं मान्य. हवामानाच्या तक्त्यात समुद्राचा रकाना नसतो, तिथेच लोकांचा बेत बिघडतो. तक्ता कसा वाचावा ते एकदा सविस्तर लिहितो, म्हणजे श्रीलंका काय न् केनिया काय, आपलं आपल्याला ठरवता येईल.
पहिलं, देशाचा तक्ता बघायचा नाही, गावाचा बघायचा. आणि तीस वर्षांची सरासरी असलेला (सध्या १९९१ ते २०२० ही धरतात). गेल्या वर्षीचा पाऊस बघून काही ठरवू नका.
दुसरं, मिलिमीटर आणि पावसाचे दिवस दोन्ही शेजारी ठेवून बघा. महिन्याला २०० मिलिमीटर आठ दिवसांत पडले तर ती दुपारची वादळी सर आहे. तासभर झोडपते, मग ऊन. सकाळ पूर्ण तुमची. तेच २०० मिलिमीटर बावीस दिवसांत पडले तर ती रिपरिप आहे, डोंगर दिसत नाही आणि कपडे वाळत नाहीत. सहलीला पहिला प्रकार चालतो, दुसरा नाही.
तिसरं, तापमानाऐवजी दवबिंदू बघा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो आकडा; जितका जास्त तितकी हवा दमट). सांगलीच्या एप्रिलात पारा ४० ला जातो, पण हवा कोरडी असल्याने सावलीत घाम वाळतो. दवबिंदू २० च्या खाली असेल तर माणूस आरामात हिंडतो. २४ च्या वर गेला की पारा ३१ असला तरी घाम वाळत नाही आणि वयस्कर माणूस दोन तासांत गळून जातो. उष्ण देशांत किनाऱ्यावर दवबिंदू २३ ते २५ असतोच, म्हणून दिवस सकाळ आणि संध्याकाळ असा तोडूनच आखायचा.
चौथं, वाऱ्याची दिशा. महिन्याचा प्रमुख वारा कुठून वाहतो ते बघा आणि नकाशावर डोंगर कुठे आहे ते बघा. या दोन गोष्टींवरून तक्ता न बघताही निम्मं उत्तर मिळतं.
आणि मोबाईलवरचा पंधरा दिवसांचा अंदाज बघून घाबरू नका. उष्ण पट्ट्यात रोज कुठे ना कुठे ढग फुटतो, म्हणून ॲप रोज ढग-पाऊस-विजेचं चित्र टाकतं. सहा-सात दिवसांपलीकडच्या त्या चित्राला फारसा अर्थ नसतो. निघायच्या चार-पाच दिवस आधी उपग्रहाचं चित्र बघा, बंगालच्या उपसागरात मोठा गोल ढगांचा पुंजका आहे का एवढंच तपासा.

विटेकर
मापाडी दादा, हे जपून ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीसाठी विचारतो. आमच्या ओळखीतली चार कुटुंबं व्हिएतनामला चाललीत, दा नांग आणि होई आन. यादीत बा ना हिल्सचा तो मोठ्या हातांचा पूलही आहे. तिथं कसं असतं?

मापाडी
दिवाळीला दा नांग-होई आन नको, अगदी स्वस्त मिळालं तरी नको. मध्य व्हिएतनामचा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत जोराचा. कारण तेच: ईशान्येचा वारा समुद्रावरून ओलावा घेऊन येतो आणि किनाऱ्याला लागूनच असलेल्या अन्नाम डोंगररांगेवर धडकतो. त्यात चक्रीवादळांची भर. होई आनचं जुनं शहर थू बोन नदीच्या काठावर आहे आणि त्या दिवसांत बहुतेक वर्षी रस्त्यावर पाणी येतं. बा ना हिल्स १,४०० मीटरच्या वर आहे. धुक्यात तो पूल दहा पावलांवरून दिसत नाही. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण.
दिवाळीला व्हिएतनामच करायचा असेल तर उत्तर धरा. हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग बे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत तिथली हवा वर्षातली सर्वांत छान, कोरडी, वीस ते अठ्ठावीस अंश. उत्तरेतल्या सापा या डोंगरी गावाची पायऱ्यांची भातशेती मात्र सप्टेंबरात पिवळी होते, दिवाळीपर्यंत कापणी उरकलेली असते. मध्य भाग फेब्रुवारी ते मेसाठी ठेवा. दक्षिणेत, हो ची मिन्ह सिटीकडे, पाऊस मे ते नोव्हेंबर, पण तो दुपारच्या सरीचा. आणि त्यांचं नववर्ष, तेत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

कृष्णाकाठ
याच्या जोडीला थायलंड. नाताळात लोक "बीच" एवढंच बघून कोह सामुई घेतात. ते बेट थायलंडच्या आखातात आहे, पूर्वेकडून पाऊस घेतं, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हेच त्याचे ओले महिने, नोव्हेंबर सर्वांत वाईट. फुकेत, क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला. ते नाताळात स्वच्छ आणि मे ते ऑक्टोबर ओले. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. उत्तरेत चिआंग माईला पावसाचा त्रास कमी, पण मार्च-एप्रिलात शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर इतका असतो की समोरचा डोंगर दिसेनासा होतो. दमा असणाऱ्यांनी त्या दोन महिन्यांत तिकडे फिरकू नये. तक्त्यात हा धूर कुठेच लिहिलेला नसतो.
मलेशियातही अशीच वाटणी: पूर्व किनाऱ्यावरच्या पेरहेंतियन, रेदांग बेटांवरची बहुतेक हॉटेलं नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, तेव्हा पश्चिमेचं लंकावी चांगलं.

स्ट्रॉबेरी_भिलार
आणि मेच्या सुट्टीचं कुणी बोलत नाही! शाळेच्या पोरांना तीच सुट्टी. आमचाही माल तेव्हा संपलेला असतो.

मेणवली_घाट
मे महिन्याला बाली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कोरडं. आपल्याकडे वळीव आणि उकाडा चालू असतो तेव्हा बाली नुकतंच धुऊन निघालेलं असतं, भातखाचरं हिरवी, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून यायची असते. डिसेंबर-फेब्रुवारीत पश्चिमेच्या वाऱ्याने कुता, सेमिन्याकच्या वाळूवर समुद्रातला प्लास्टिक कचरा येऊन पडतो, तोही मेपर्यंत गेलेला असतो. जून ते ऑगस्टमध्ये नुसा पेनिदाला जाणारी वेगवान बोट उसळते. बोट लागणाऱ्यांनी सकाळची पहिली फेरी धरावी आणि मागे बसावं, पुढच्या टोकाला आदळ जास्त.
मार्चचा बेत असेल तर न्येपी, म्हणजे बालीचा मौन पाळायचा नववर्षदिन, कधी येतो ते आधी बघा. त्या दिवशी बालीचा विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो आणि हॉटेलच्या बाहेर पडता येत नाही.
मॉरिशसही मे ते नोव्हेंबर चांगलं. तिथे चक्रीवादळांची भीती जानेवारी ते मार्चमध्ये जास्त.

जरंडेश्वर
माफ करा, पण मला हे सगळे तक्ते आता जुने झालेत असं वाटतं. साताऱ्यातच बघा, मेमध्ये धो-धो आणि जूनमध्ये कोरडं. हवामान बदललंय. मग तीस वर्षांची सरासरी धरून लाखभर रुपये कशाला घालायचे?

मापाडी
प्रश्न रास्त आहे. बदललंय ते पावसाचं प्रमाण, सुरुवातीची तारीख आणि एकेका दिवसाचा जोर. जुलैत वारा नैर्ऋत्येकडून आणि जानेवारीत ईशान्येकडून वाहतो, हे बदललेलं नाही. ते समुद्र आणि आशिया खंडाच्या तापण्यावर ठरतं. म्हणून हंगामाच्या मधले आठवडे भरवशाचे आणि दोन्ही टोकांचे आठवडे बेभरवशाचे. सहल मधे ठेवा. मेचा शेवट आणि ऑक्टोबर ही श्रीलंकेची टोकं आहेत, जुलैअखेर मधला भाग आहे.
शिवाय एल निन्यो. प्रशांत महासागर तापलेला असेल त्या वर्षी इंडोनेशियात दुष्काळ पडतो, दलदलीची जंगलं पेटतात आणि धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत जातो. १९९७ आणि २०१५ ची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. त्याच वर्षी श्रीलंकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस सरासरीहून वाढतो. भारतीय हवामान विभाग मान्सूनच्या अंदाजात एल निन्योची स्थिती सांगतोच. आपल्या पावसासाठी तो वाचतोच ना आपण, मग सहलीसाठीही वाचावा.

कृष्णाकाठ
ऑक्टोबर-डिसेंबरवरून आठवण करून देतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेच्या डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली, रस्ते आणि रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान झालं. चहाबाज ताईंनी सांगितलेला कँडी-एला रेल्वेप्रवास ठरवण्याआधी कुठला टप्पा चालू आहे ते तिथल्या रेल्वेकडून नक्की करून घ्या. काही टप्पा बंद असेल तर तेवढं अंतर गाडीने जायचं. आरक्षण साधारण तीस दिवस आधी उघडतं आणि खिडकीच्या जागा लगेच जातात.

द्राक्षवेल (तासगाव)
सगळ्यांचे आभार. चित्र बरंच स्पष्ट झालं. आता म्हणजे पूर्व बाजू. आठ दिवसांत काय बसेल? आईंना चढ फारसा जमत नाही. आणि श्रावण असेल, त्यामुळे घरात कुणी मांसाहार करणार नाही.

चहाबाज
कटुनायके विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, त्यामुळे शहरात न शिरता सरळ दांबुला-हबरानाकडे निघा. दीडेकशे किलोमीटर, साडेतीन-चार तास. तिथे तीन रात्री करा. एक सकाळ सिगिरिया, म्हणजे खडकावरचा जुना किल्ला: सुमारे १,२०० पायऱ्या, म्हणून आईंना पायथ्याच्या बागेतच थांबवा आणि तुम्ही उघडताच वर चढा. नऊनंतर खडक तापतो आणि लोखंडी जिन्यावर रांग अडकते. कड्यावर आग्या मोहोळं आहेत, वर आवाज करू नये, पोरांना आधीच सांगून ठेवा. दुसरी सकाळ पोलोन्नारुवा, तिथे सपाट आहे आणि गाडी जवळपर्यंत जाते. देवळाच्या आवारात अनवाणी जावं लागतं आणि फरशी भाजते, आईंसाठी जाड मोजे ठेवा. दुपारी मिन्नेरिया: तलावाचं पाणी आटत जातं तसं काठावर कोवळं गवत उगवतं आणि कोरड्या जंगलातले हत्ती कळपाने तिथे येतात. जुलै ते सप्टेंबर हेच त्याचे दिवस. डिसेंबरात तलाव भरलेला असतो, हत्ती पांगलेले असतात. जीप संध्याकाळी चारच्या सुमारास आत असावी. पाऊस चुकवायला म्हणून डिसेंबर सांगणारे हे कुणी सांगत नाहीत.
मग दोन रात्री त्रिंकोमाली. श्रावण असेल तर सोन्याहून पिवळं, कोणेश्वराचं शिवमंदिर तिथेच समुद्रावरच्या कड्यावर आहे. तमिळ वस्ती असल्याने शुद्ध शाकाहारी जेवण सहज मिळतं. "सैव" अशी पाटी असलेलं हॉटेल शोधायचं. इतर ठिकाणी भाजीतही सुकी मासळी पडते, तिला उंबलकडा म्हणतात. "मासळी नको" एवढं पुरत नाही, "उंबलकडा नको" असं नाव घेऊन सांगा.
उरलेल्या दिवसांत कँडी, आणि रेल्वे चालू असेल तर एला.

मापाडी
एक खर्चाची बाब. "ऑफ सीझन, स्वस्त पडेल" हे दक्षिण किनाऱ्याला लागू आहे. तुम्ही जाणार त्या पूर्व किनाऱ्याचा जुलै-ऑगस्ट हा ऐन हंगाम आहे, तिथे दर चढलेले असतात. आणि कँडीत जुलै-ऑगस्टमध्येच दंतमंदिराची (बुद्धाचा दात जपलेल्या देवळाची) एसला पेराहेरा असते, दहा रात्रींची मिरवणूक, सजवलेले हत्ती. तारखा चांद्र पंचांगाने ठरतात. तुमच्या तारखांत पडली तर बघण्यासारखी आहे, पण शेवटच्या पाच रात्रींना हॉटेलचे दर अनेक पट होतात आणि रस्ते दुपारपासून बंद. बघायची असेल तर पहिल्या रात्रींपैकी एक धरा. नसेल तर त्या आठवड्यात कँडीत मुक्कामच नको. पौर्णिमेला, त्यांच्या पोयाला, दारूविक्री बंद आणि बरीच दुकानंही बंद असतात.

माणदेशी
उन्हाचं काय? आमच्यासारख्या उन्हातल्या माणसाला ३४ काहीच नाही म्हणतात, पण मघाशी दवबिंदू वाचून शंका आली.

मेणवली_घाट
शंका बरोबर. त्रिंकोमालीला जुलैत दुपारी ३४-३५ असतं, जमिनीवरून गरम वारा सुटतो आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर. आपण उन्हाला सरावलेले असतो ते कोरड्या उन्हाला. अकरा ते साडेतीन बाहेर काही ठेवू नका. दर माणशी तीन लिटर पाणी, त्यात दिवसाला ओआरएसची एक पुडी. आईंना रक्तदाबाची गोळी असेल तर मीठ-पाण्याचं डॉक्टरांना आधी विचारा. जीन्स नेऊ नका, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. सुती पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे, ते उन्हाला चालतात, डासांना चालतात आणि देवळातही चालतात. डेंग्यू तिकडे आहे, सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास मलम लावा.
एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग काढा.

कृष्णाकाठ
सगळे तिकडच्या पावसाचं बोलतायत, इकडचं कोण बघणार? जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे कृष्णेच्या पुराचे दिवस. २०१९ ला ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ ला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत पूर. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तासगाव नदीपासून लांब आहे, पण मुंबईचा रस्ता आडवा येतो. सांगली-पेठ नाका रस्ता बंद पडला तर विटा-कराड हा तुमचा रस्ता, तो आधीच डोक्यात ठेवा. विमान मुंबईहून पहाटेचं असेल तर आदल्या दुपारपर्यंत मुंबईत पोचायचं, घाटात दरड आली तरी हातात वेळ राहतो. परतीचं विमान मुंबईला रात्री उतरत असेल तर त्याच रात्री गाडी काढू नका. कोयनेचा विसर्ग किती चालू आहे ते सकाळी बघून निघा.

जरंडेश्वर
हे मात्र पटलं. विमा घेताना "प्रवास रद्द" मध्ये पूर आणि रस्ता बंद येतो का हेही वाचून घ्यावं. बऱ्याच पॉलिसींत फक्त विमान रद्द झाल्याचं असतं.

मिरजकर
बेंगळुरूहूनही कोलंबोला विमान आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने दुपारी बसलं की दुसऱ्या सकाळी बेंगळुरू. मुंबईच्या रस्त्यावरचा घाट लागत नाही. वयस्कर माणसाला गाडीत आडवं होता येतं. फक्त स्टेशन ते विमानतळ दीड-दोन तास धरा आणि विमान संध्याकाळचं घ्या, गाडी उशिरा आली तरी चुकणार नाही.

द्राक्षवेल (तासगाव)
मिरजकर, हा मार्ग आईंसाठी फारच सोयीचा. ठरलं: बेंगळुरूहून, तीन रात्री हबराना, दोन त्रिंकोमाली, मग कँडी, पेराहेराच्या तारखा बघून. एला रेल्वेची स्थिती कळली तरच. एकच राहिलं. टूरवाल्यांकडूनच गाडी आणि हॉटेल घ्यायचं म्हटलं तर त्यांचा तयार कार्यक्रम बेंटोटा-गॉल-नुवारा एलिया असा आहे. तो बदलून मागताना काय नेमकं लिहून घेऊ?

मापाडी
लेखी तीन गोष्टी घ्या. एक, बेंटोटा आणि गॉलच्या रात्री त्रिंकोमालीच्या निलावेली किंवा उप्पुवेली किनाऱ्यावर, हॉटेलच्या नावासह. "तत्सम हॉटेल" हा शब्द खोडायला लावा, नाहीतर किनाऱ्यापासून आठ किलोमीटर आतलं मिळतं. दोन, नुवारा एलियाची रात्र वगळून त्याऐवजी हबरानाची जादा रात्र. तीन, पिजन आयलंडची (निलावेलीसमोरचं बेट, राष्ट्रीय उद्यान आहे) बोट वाऱ्यामुळे किंवा उद्यान बंद असल्याने सुटली नाही तर पैसे परत. ती बोट सकाळी आठच्या आधीची मागा, दुपारनंतर वारा वाढतो आणि पाण्याखालचं काही दिसत नाही. गाडीचा चालक रोज किती किलोमीटरपर्यंत चालवणार तेही विचारा, पूर्वेकडचे टप्पे लांब आहेत आणि जादा किलोमीटरचा दर नंतर सांगतात.